टॅग आहे, पण आतला कंपायलर ताजा आहे का?

आजचा भाग थोडा तांत्रिक आहे, पण ज्यांच्या कॉलेज प्रोजेक्टमध्ये किंवा ऑफिसच्या रेपॉझिटरीत एक तरी डॉकरफाईल आहे, त्या सगळ्यांच्या कामाचा आहे. बसमध्ये ऐकत असाल तर नुसतं ऐका. कमांड सगळ्या इथे लिहिलेल्या आहेतच.

प्रश्न साधा आहे. आपण कोड पुश करतो, सीआय सुरू होतं, एक कंटेनर इमेज उतरते आणि तिच्यातला कंपायलर आपला कोड बिल्ड करतो. हा कंपायलर किती जुना आहे, हे आपल्याला माहीत असतं का? बहुतेकांचं उत्तर असतं, "टॅगमध्ये लिहिलंय की!" आज त्याच टॅगबद्दल बोलायचं आहे. उदाहरण घेते जावाचं, कारण या विषयातली सगळी गंमत आणि सगळा धोका त्या एका उदाहरणात सापडतो.

एक ओळ, जी सगळ्यांनी लिहिली आहे

डॉकरफाईलची पहिली ओळ: "फ्रॉम ओपनजेडीके:१७". स्प्रिंग बूट शिकलेल्या जवळजवळ प्रत्येकाने कधी ना कधी ही ओळ लिहिली किंवा कॉपी केली असेल. ओपनजेडीके ही डॉकर हबवरची 'ऑफिशियल इमेज' होती. नाव अधिकृत, बॅज अधिकृत, मग शंका कशाला घ्यायची?

पण २०२२ मध्ये ही इमेज बंद होत असल्याची सूचना तिच्या पानावर लागली. जुलै २०२२ नंतर फक्त 'अर्ली ॲक्सेस' म्हणजे रिलीजपूर्व चाचणीच्या टॅगना अपडेट मिळतील आणि बाकीच्यांनी लवकरात लवकर दुसरी इमेज शोधावी, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. ही सूचना पानावर होती. सीआय काही पान वाचत नाही. ते टॅग मागतं, हब टॅग देतं, बिल्ड हिरवा होतो. त्यानंतरही बराच काळ हा टॅग मुकाट्याने उतरत राहिला.

आणि त्यात काय होतं? जावा १७.०.२, म्हणजे जानेवारी २०२२ चं अपडेट. तिथेच ते थांबलं.

थांबलं का?

जावा १७ तर एलटीएस आहे, त्याला अनेक वर्षं अपडेट मिळतात. मग इमेज का अडकली?

कारण सोर्स कोड आणि तयार बायनरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ओपनजेडीके प्रकल्पात १७ चा सोर्स अपडेट होत राहिला. पण ही इमेज ज्या ठिकाणाहून तयार बायनरी उचलायची, ते होतं ओरॅकलचं ओपनजेडीके डाउनलोड पान. तिथे एका आवृत्तीला साधारण सहाच महिने अपडेट मिळतात, एलटीएस असो वा नसो. १७ आली सप्टेंबर २०२१ मध्ये. १७.०.१ आलं, १७.०.२ आलं आणि त्या पानापुरता १७ चा विषय संपला. पुढच्या बायनरी बनवल्या त्या ॲडॉप्टियम, ॲमेझॉन, सॅप अशा इतरांनी.

आईच्या स्वयंपाकघरातल्या डब्यांसारखं आहे हे. डब्यावर 'तूरडाळ' अशी चिठ्ठी असते. चिठ्ठी तीच राहते, आतली डाळ दर महिन्याला नवी येते. टॅग म्हणजे ती चिठ्ठी. डबा भरणाऱ्याने भरणं सोडलं, तरी चिठ्ठी काही आपणहून पडत नाही.

अजून एक नमुना सांगते. 'ओपनजेडीके:१७-अल्पाइन' हा टॅग छोट्या इमेजच्या मोहापायी खूप जणांनी वापरला. त्याच्या आत १७ ची अंतिम आवृत्तीच नव्हती, रिलीजपूर्व अर्ली ॲक्सेस बिल्ड होता. टॅगच्या नावात मात्र त्याचा उल्लेख नाही!

"पण बिल्ड तर होतोय ना?"

होतोय. १७.०.२ चा कंपायलर तुमचा कोड व्यवस्थित कंपाइल करतो. प्रश्न आहे तो त्यासोबत आलेल्या बाकी जावाचा.

एप्रिल २०२२ मध्ये सीव्हीई-२०२२-२१४४९ ही त्रुटी जाहीर झाली. ती शोधणारे सुरक्षातज्ज्ञ नील मॅडन यांनी तिला 'सायकिक सिग्नेचर्स' असं नाव दिलं. ईसीडीएसए या डिजिटल सहीमध्ये दोन संख्या असतात. दोन्हींपैकी एकही शून्य असता कामा नये, ही तपासणीची पहिली पायरी. जावा १५ मध्ये हा कोड सी प्लस प्लस मधून जावात नव्याने लिहिला गेला आणि ही तपासणी राहून गेली. परिणाम असा की दोन्ही संख्या शून्य असलेली कोरी सही कुठल्याही मजकुरावर, कुठल्याही पब्लिक कीसाठी खरी ठरायची.

आता विचार करा. तुमचं ॲप लॉगिनसाठी ईएस२५६ प्रकारचे टोकन तपासत असेल, तर कोऱ्या सहीचं टोकन घेऊन कोणीही कोणाच्याही नावाने आत येऊ शकतं. टोकन तपासणारी लायब्ररी स्वतः शून्याची तपासणी करत नसेल तर वाचवायला कोणी नाही. फक्त चालत्या ॲपचाच प्रश्न आहे असंही नाही. मेव्हन जेव्हा बिल्डच्या वेळी डिपेंडन्सी उतरवतं, तेव्हा एचटीटीपीएस सर्टिफिकेटच्या सह्या हीच जावा तपासते.

दुरुस्ती आली १७.०.३ मध्ये. आणि आपली इमेज अडकली होती १७.०.२ वर. एका आकड्याचा फरक!

मग ताजी इमेज ओळखायची कशी?

मी कुठलीही बिल्ड इमेज निवडताना या क्रमाने बघते.

पहिलं, आत जाऊन विचारा. "डॉकर रन", पुढे इमेजचं नाव आणि मग "जावासी -व्हर्जन". जीसीसी असेल तर "जीसीसी --व्हर्जन". आलेला आकडा त्या कंपायलरच्या स्वतःच्या रिलीज पानाशी जुळवा. जावाला दर तीन महिन्यांनी, म्हणजे जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरमध्ये सुरक्षा अपडेट येतं. तुमचा आकडा दोन फेऱ्या मागे असेल तर कोणीतरी डबा भरणं सोडलंय.

दुसरं, तारीख बघा, पण आपल्या टॅगची. पूर्ण रेपॉझिटरीची तारीख फसवते. ओपनजेडीकेमध्ये अर्ली ॲक्सेसचे नवे टॅग येत राहिले, त्यामुळे वरवर बघणाऱ्याला वाटायचं, चालू आहे की सगळं.

तिसरं, 'ऑफिशियल' चा अर्थ नीट समजून घ्या. इमेज डॉकरच्या ऑफिशियल इमेजेस कार्यक्रमातून तपासून येते, एवढाच तो अर्थ. कंपायलर बनवणाऱ्यांनीच ती बनवली असेल असं नाही. म्हणून पानावर 'मेंटेन्ड बाय' समोर कोणाचं नाव आहे आणि बायनरी कुठून येते, हे वाचाच.

चौथं, इमेजची वयं दोन असतात. एक कंपायलरचं, दुसरं खालच्या ऑपरेटिंग सिस्टिमचं. कंपायलर चालेलसा असला तरी खाली जुनं डेबियन असेल, तर एक दिवस "ॲप्ट-गेट अपडेट" ला ४०४ येतो, कारण मुदत संपलेल्या डेबियनची पॅकेजेस मुख्य सर्व्हरवरून अर्काइव्हमध्ये हलवली जातात. स्ट्रेचच्या बाबतीत २०२३ मध्ये हेच झालं.

आणि स्कॅनर लावलाय म्हणून निर्धास्त राहू नका. बरेच स्कॅनर मुख्यतः पॅकेज मॅनेजरची यादी वाचतात. जेडीके टारबॉलमधून टाकलेलं असेल तर ते त्या यादीत नसतं.

बदल करताना

जावासाठी सरळ पर्याय म्हणजे 'इक्लिप्स-टेमुरिन:१७-जेडीके'. हे ॲडॉप्टियमचं बिल्ड आहे आणि १७ ला किमान ऑक्टोबर २०२७ पर्यंत अपडेट देण्याचं त्यांनी जाहीर केलं आहे. ॲमेझॉन कोरेटो आणि सॅपमशीन हेही चांगले पर्याय आहेत. मेव्हनची इमेज वापरत असाल तर टॅगच्या शेवटी ओपनजेडीके आहे की टेमुरिन, ते बघा. मेव्हनचा आकडा नवा दिसतो म्हणून जावा नवी असेलच असं नाही.

एक अडचण येईल. 'ओपनजेडीके:१७' च्या खाली ओरॅकल लिनक्स होतं, टेमुरिनच्या साध्या टॅगखाली उबुंटू आहे. डॉकरफाईलमध्ये पॅकेज टाकायच्या कमांड असतील तर त्या बदलाव्या लागतील. आणि शेवटच्या टप्प्यात कंपायलर कशाला हवा? तिथे '१७-जेआरई' पुरतं.

आता डायजेस्ट. एसएचए२५६ चा तो लांबलचक आकडा म्हणजे डाळीच्या पाकिटावरचा बॅच नंबर. टॅगऐवजी डायजेस्ट लिहिला की आजचा आणि उद्याचा बिल्ड अगदी त्याच इमेजवर होतो. पण नुसता डायजेस्ट लिहून विसरलात, तर ओपनजेडीकेचं जे झालं ते तुम्ही स्वतःच्या हाताने केलं. म्हणून डायजेस्टसोबत रेनोव्हेट किंवा डिपेंडाबॉट लावा. नवी इमेज आली की ते पुल रिक्वेस्ट उघडतात, टेस्ट चालतात, तुम्ही मर्ज करता. बदल होतो, पण तुमच्या डोळ्यांसमोर.

डायजेस्ट नको असेल, टॅगच ठेवायचा असेल, आणि सीआय तुमच्याच सर्व्हरवर चालत असेल, तर "डॉकर बिल्ड" ला "--पुल" जोडा. नाहीतर हबवर नवी इमेज येऊनही तुमचा सर्व्हर सहा महिन्यांपूर्वीची प्रतच वापरत बसेल.

एक मात्र लक्षात ठेवा. रेनोव्हेट त्याच नावाखालच्या नव्या इमेज शोधतं. नावच बंद पडलं असेल तर नवं काही येत नाही, पुल रिक्वेस्टही येत नाही आणि ती शांतता 'सगळं ठीक आहे' असं वाटायला लावते. म्हणून जावाच्या दर तिमाही अपडेटनंतर एकदा "जावासी -व्हर्जन" चालवणं हे काम माणसाचंच. सीआयमध्ये ती कमांड पहिली पायरी म्हणून टाका, आकडा लॉगमध्ये दिसत राहील.

तर हा भाग संपला की एवढं करा. तुमच्या रेपॉझिटरीत 'ओपनजेडीके:' असं शोधा. काही सापडलं तर आत कुठला आकडा आहे तो बघा आणि १७.०.२ दिसलं तर आजच्या आज बदला. पुढच्या भागात भेटूच!