भिजलेल्या फोनातले फोटो

फोन विहिरीत पडला किंवा गाडीच्या चाकाखाली आला, की आपण तो दुकानात नेतो. दुकानदार उलटापालटा करून पाहतो आणि म्हणतो, "बोर्ड गेला. नवा घ्या." नवा घेता येतो हो! पण जुन्यात लेकीच्या लग्नाचे फोटो असतात. वारलेल्या माणसाचा आवाज असतो. ते कोणत्या दुकानात मिळणार? म्हणून बोर्ड गेला म्हणजे नेमके काय गेले, ते आपण पाहू.

फोनच्या आत एक बॅटरी असते आणि एक पातळ पट्टी असते. या पट्टीला बोर्ड म्हणतात. तिच्यावर शेकडो भाग डाख देऊन बसवलेले असतात. काही तर खसखशीच्या दाण्याहूनही लहान. पट्टीच्या पोटातून तांब्याच्या बारीक वाटा गेलेल्या असतात. पाटाचे पाणी वाफ्यावाफ्याला जाते, तशी या वाटांनी वीज प्रत्येक भागाला मिळते.

फोटो काचेत नसतात आणि बॅटरीतही नसतात. बोर्डावर नखाएवढी एक काळी चिप असते, तिच्यात ते असतात. तिला मेमरी म्हणतात. वीज गेली तरी ती विसरत नाही. या जातीची मेमरी फुजिओ मासुओका या जपानी इंजिनियराने तोशिबा कंपनीत असताना, १९८०च्या दशकात शोधली. म्हणजे फोन बंद पडला, तरी फोटो बहुधा जागच्या जागी असतात. माणूस बेशुद्ध आहे, पण जिवंत आहे, तसे.

तुम्ही म्हणाल, मग ती चिप काढून दुसऱ्या फोनात बसवावी. पूर्वीच्या फोनांची चिप काढून वाचता येत असे. आता तसे होत नाही. मेमरीला आता कुलूप असते. आयफोनला ते आधीच आले. नव्या अँड्रॉइड फोनांना साधारण २०१५पासून येऊ लागले. कुलपाची किल्ली प्रोसेसर नावाच्या दुसऱ्या चिपमध्ये असते, आणि ती त्याच फोनची लागते. शेजाऱ्याची किल्ली आपल्या तिजोरीला चालेल काय? म्हणून फोटो हवे असतील, तर या दोन चिपांची जोडी पुन्हा जागी करावी लागते. बोर्डाच्या दुरुस्तीचे सारे मर्म येथे आहे.

आता कारागीर काय करतो ते पाहा. तो बोर्ड बाहेर काढतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरतो. पाणी गेले असेल, तर हिरवी-पांढरी बुरशीसारखी पुटे दिसतात. ती स्पिरिटने धुतो. मग वीज कुठे वाट सोडून पळते, हे मीटरने शोधतो. एक गमतीची रीत सांगतो. राळ तापवून तिचा धूर बोर्डावर धरतात. बोर्डावर पांढरा थर बसतो. मग थोडी वीज सोडतात. जो भाग बिघडला असेल, तो तापतो आणि तेवढ्याच जागी थर वितळतो. चोर सापडला! पुष्कळदा तो भाग काढून टाकला, की फोन उठून बसतो.

वाट तुटली असेल, तर केसाहून बारीक तार जोडतात. बोर्डच मोडला असेल, तर चिपांची जोडी उचलून तशाच दुसऱ्या बोर्डावर बसवतात. हे काम फार नाजूक. प्रोसेसरच तडकला असेल, तर मात्र कोणाचाही इलाज चालत नाही.

ही विद्या शिकायला मोठा कारखाना लागत नाही. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात जेसा जोन्स नावाच्या बाई आहेत. त्यांना चार मुले. लहानग्यांनी फोन संडासात टाकला आणि पाणी सोडले. बाईंनी भांडे घणाने फोडले, पण फोन काढलाच! तेथून त्या हे काम शिकल्या. आज लोक त्यांच्याकडे मेलेले फोन पाठवतात, आणि त्या इतरांनाही शिकवतात.

२०१९च्या महापुरात आमच्या ओळखीच्या एका बाईंचा फोन बुडाला. दोन दुकानांनी परत पाठवला. तिसऱ्या कारागिराने बोर्ड धुतला, दोन भाग काढले, दुसऱ्या फोनची काच लावली. फोन अर्धा तास चालला. तेवढ्यात फोटो उतरवून घेतले. मग तो गेला तो गेलाच. बाई म्हणाल्या, "फोन जाऊ द्या. धनी मिळाले."

आता आपल्या हातचे. फोन भिजला, तर तो चालू होतो का हे पाहू नका. चार्जरला तर मुळीच लावू नका. पाण्यापेक्षा ओल्या बोर्डात फिरणारी वीज जास्त घात करते. ती तांब्याच्या वाटा खाऊन टाकते. फोन चालू असेल, तर बंद करा. वेगळे मेमरी कार्ड असेल, तर ते काढून घ्या. त्यावरचे फोटो सहज मिळू शकतात. आणि फोन तांदळात पुरू नका. आतले पाणी तांदूळ ओढत नाही, उलट त्याचे कण आत शिरतात. २०२४ साली ॲपल कंपनीनेही हेच सांगितले. तांदूळ भाताला ठेवावा.

मग होईल तितक्या लवकर बोर्डाचे काम करणाऱ्याकडे जा. नुसती काच बदलणाऱ्याला हे जमेलच असे नाही. आधी पैसे ठरवा. फोटो निघाले नाहीत तर किती द्यायचे, तेही विचारा. फोन उघडण्याचा आकडा लक्षात असू द्या, कारण फोन जिवंत झाला तरी त्या आकड्याशिवाय कुलूप निघत नाही. आणि पहिल्यांदाच स्पष्ट सांगा, "मला फोन नको, आतले फोटो हवेत." फोन वर्षभर चालवायचा, की तासभर, यावर कारागीर कामाची रीत ठरवतो.