लेकीसाठी पिस्तूल घेताना

मेथीची जुडी निवडताना माती निघते, अळी निघते, कधी एखादी गोगलगायही निघते. आमच्या घरी मागच्या पावसाळ्यात मेथीत शिशाचा छर्रा निघाला!

झालं असं, की सासूबाई स्वयंपाकघराच्या दाराशी सूप घेऊन बसल्या होत्या. पलीकडच्या खोलीत आमची तेरा वर्षांची लेक नव्याकोऱ्या एअर पिस्तुलाने भिंतीशी टेकवलेल्या पाटावर नेम धरत होती. छर्रा पाटावर आपटून उलटा फिरला आणि दारातून थेट सुपात येऊन पडला. सासूबाईंनी तो दोन बोटांत उचलून माझ्यापुढे धरला आणि एवढंच म्हणाल्या, "हा डोळ्यात गेला असता तर?"

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. त्या दिवशी मी पिस्तूल कपाटात कुलूपबंद केलं आणि या विषयातलं काही कळत नसताना आपण ते घरात आणलंच कसं, याचा पहिल्यांदा नीट विचार केला.

खरं तर कोल्हापुरात राहून मुलीला नेमबाजीचं वेड लागलं नाही तरच नवल. इथल्या तेजस्विनी सावंतने २०१० साली म्युनिकला रायफलमध्ये विश्वविजेतेपद मिळवलं. राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्णपदक आणलं. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. आपल्याच जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये रायफलचं कांस्यपदक घेतलं, आणि त्याच पॅरिसमध्ये मनू भाकरने पिस्तुलात दोन कांस्यपदकं पटकावली. लेक तेव्हापासून मागे लागली होती.

हे म्हणाले, "आधी स्वस्तातलं घेऊ. सहा महिन्यांत सोडून दिलं तर?" मलाही ते पटलं. दुकानात गेलो, दुकानदाराने सिनेमातल्यासारखं काळंभोर, चकचकीत पिस्तूल पुढे ठेवलं, किंमत परवडली, घेतलं. रेंजवरच्या सरांनी ते पाहून नाक मुरडलं, पण घेतलंच आहे तर वापरा म्हणाले. दोन महिने लेकीचे छर्रे कागदावर विस्कटलेल्या रांगोळीसारखे पडत होते. एक दिवस ती रडवेली होऊन म्हणाली, "आई, मला नाहीच जमत गं." दुसऱ्या दिवशी सरांनी रेंजचं एक जुनं पिस्तूल तिच्या हातात दिलं. त्याने दहाच्या दहा छर्रे काळ्या वर्तुळात बसले. खोट मुलीत नव्हती, वस्तूत होती. आणि आम्ही मात्र दोन महिने तिला 'लक्ष दे, लक्ष दे' म्हणून टोचत होतो!

मैत्रिणींनो, म्हणूनच हे सगळं लिहायला बसले.

आधी कायद्याचं

छोट्या नळीच्या पिस्तुलात दोन प्रकार. एक .२२ चं, काडतुसावर चालणारं. २५ मीटरच्या स्पर्धेत राही जे वापरते ते हे. ते खरं अग्निशस्त्र आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे त्याला परवाना लागतो, आणि नवशिक्याने त्याच्या वाटेला जायचं कारणच नाही. दुसरं एअर पिस्तूल. त्यात दारू नसते, दाबलेली हवा छर्रा ढकलते. नळी .१७७ ची, म्हणजे साडेचार मिलिमीटरची. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे एवढ्या नळीच्या आणि २० ज्यूलपर्यंत ताकदीच्या हवेच्या शस्त्राला परवाना लागत नाही. दुकानदार ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा मागतो. पावती जपून ठेवा, बरं का. पावती न देणाऱ्या दुकानाची पायरी चढू नका.

परवाना नाही म्हणून ते खेळणं मात्र नाही. पक्ष्यांवर नेम धरणं तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगावं.

चार जाती

एअर पिस्तुलाच्या मुख्य जाती चार. साडी घेताना आपण सुती की सिल्क हे आधी विचारतो ना, तसंच इथे.

पहिली स्प्रिंगची. सगळ्यांत स्वस्त, आणि आम्ही फसलो ती हीच. आतली स्प्रिंग सुटताना पिस्तूल पुढेमागे हिसका देतं. सराईत हात तो सांभाळतो, मुलांचा हात हलतो. शिवाय छर्रा न घालता चाप ओढला तर आतला भाग खराब होतो.

दुसरी गॅसची. बारा ग्रॅमची छोटी नळकांडी घालायची, गॅस संपला की नवीन आणायची. पिस्तूल स्वस्त वाटतं, पण नळकांड्यांचा खर्च चालूच राहतो. थंडीत गॅसचा दाब कमी होतो आणि छर्रा खाली पडतो. यातली बरीचशी हुबेहूब खऱ्या पिस्तुलासारखी दिसतात. रस्त्यात कुणी पाहिलं तर नसता घोळ.

तिसरी एका दट्ट्याची. प्रत्येक छर्ऱ्याआधी एक तरफ उघडून मिटायची, तेवढ्याने हवा भरते. दर वेळी दाब सारखा, हिसका जवळजवळ नाही, बाहेरून काही विकत आणायचं नाही. गॅमो कॉम्पॅक्ट किंवा वाइराउखचं एचडब्ल्यू ४० ही या जातीतली. घरच्या बजेटात बसणारं आणि शिकायला खरोखर उपयोगी पडणारं हेच. एकच अडचण, तरफ शेवटी जड लागते. दुकानात मुलीलाच दहा वेळा मिटायला लावा. बाबांनी मिटून दाखवून उपयोग नाही!

चौथी सिलिंडरची. नळीखाली छोटा सिलिंडर असतो, त्यात साधारण २०० बार दाबाची हवा भरतात. स्टायर, वॉल्थर, मोरिनी, फाइनवर्कबाऊ या परदेशी कंपन्यांची स्पर्धेची पिस्तुलं या जातीची. नवीन घ्यायचं तर किंमत लाखाच्या घरात जाते.

हातात धरून बघा

चप्पल पायात घालून बघतो तसं पिस्तूल हातात धरून बघायचं. स्पर्धेत ते एकाच हाताने, हात सरळ लांब करून, कुठेही न टेकवता धरतात. म्हणून तीन गोष्टी पाहाव्यात.

मूठ: लाकडी मुठी लहान, मध्यम, मोठ्या अशा मापांत येतात, आणि डावी-उजवीही वेगळी असते. मूठ मोठी असली की मुलीचं बोट चापापर्यंत नीट पोचत नाही. तळहाताखालची फळी वरखाली होते का, तेही बघा.

वजन: नियमाने दीड किलोपर्यंत चालतं, पण स्पर्धेची बहुतेक पिस्तुलं किलोच्या आसपास असतात. मुलीला एक लिटरची भरलेली बाटली एका हाताने समोर धरायला सांगा. दहा सेकंदांत हात थरथरला तर हलकं पिस्तूल घ्या, किंवा आधी महिना-दोन महिने बाटलीचाच सराव करवा. बाटली फुकट आहे!

चाप: १० मीटरच्या स्पर्धेत चापावर कमीत कमी ५०० ग्रॅम भार पेलला गेला पाहिजे. रिकामं पिस्तूल उभं धरून चापाला अर्धा किलोचं वजन अडकवून उचलतात. चाप सुटला नाही तर पास. पण स्वस्त पिस्तुलात चाप याच्या कितीतरी पट जड असतो, आणि तो ओढताना सगळा हातच खाली जातो. शंभर रुपये कमी-जास्त करण्याआधी चाप बघा. निम्मी नेमबाजी त्या एका बोटात आहे, असं सर म्हणतात.

आणखी एक. छर्रा न घालता चाप ओढायचा सराव करण्याची सोय आहे का ते विचारा. कोऱ्या भिंतीकडे तोंड करून हा सराव घरी रोज करता येतो आणि एक छर्राही खर्च होत नाही.

जुनं घेताना

स्पर्धेचं पिस्तूल जुनं मिळालं तर नव्या स्वस्तापेक्षा बरं. मात्र सिलिंडरवर कोरलेली तारीख आधी वाचा. सिलिंडरची मुदत साधारण दहा वर्षांची असते, आणि मुदत संपलेला सिलिंडर वापरायचा नसतो. आम्हाला आधी जे सांगून आलं ते भलतंच स्वस्त होतं. तारीख पाहिली तर मुदत दोन वर्षांपूर्वीच संपलेली! मी सरळ नको म्हटलं. दुसरं मिळायला चार महिने लागले. तोवर लेक रेंजच्याच पिस्तुलावर शिकत होती.

आणि हाच माझा सगळ्यांत मोठा सल्ला: पहिले सहा महिने काही विकतच घेऊ नका. बहुतेक रेंजवर शिकाऊ मुलांसाठी पिस्तुलं असतात. फी आणि छर्रे एवढाच खर्च करा. छर्रे चपट्या तोंडाचे घ्या, त्यांचं कागदावर गोल, स्वच्छ भोक पडतं आणि गुण मोजायला सोपं जातं.

घरातले नियम

मेथीच्या प्रकारानंतर आमच्या घरात हे ठरलं:

छर्रा घालून नेम फक्त रेंजवर. घरात फक्त रिकामा सराव, तोही मोठं माणूस समोर असताना, आणि पिस्तूल रिकामं आहे हे आधी दोघांनी बघून.

पिस्तूल एका कपाटात, छर्रे दुसऱ्या. दोन्ही किल्ल्या माझ्याकडे.

नेताना पेटीत, नळीतून भडक रंगाची सेफ्टी दोरी ओवून. दोरी आरपार दिसली म्हणजे आत छर्रा नाही.

पिस्तूल रिकामं असो वा भरलेलं, त्याचं तोंड माणसाकडे कधीच नाही. गमतीतही नाही.

आणि छर्रे शिशाचे असतात, तेव्हा सरावानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय डब्याला हात लावायचा नाही. हा नियम सासूबाईंनी केला!

शेवटी पैशाचं. जुन्या पिस्तुलासाठी मी माझ्या भिशीचे पैसे काढले. हे पुन्हा म्हणाले, "सोडून दिलं तर?" तेव्हा मात्र मी बोलले. धाकट्याला इंग्लिश विलोची बॅट आणली तेव्हा हा प्रश्न घरात कुणी विचारला होता? तो आता बॅटला हातही लावत नाही, तरी ती बॅट वाया गेली असं कुणी म्हणत नाही. मग लेकीच्याच वेळी आधी हमी कशाला? हे गप्प झाले. रविवारी पिस्तूल बघायला माझ्याबरोबर आले, आणि सिलिंडरवरची तारीख चष्मा लावून त्यांनीच वाचली.

लेक परवा पहिली जिल्हा स्पर्धा खेळली. साठ नेमांत ५०८ गुण. पदक नाही, नंबरही नाही. पण घरी आल्यावर तिने हात धुतले, किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "आई, शेवटचे दहा घाईत गेले गं. तेवढे सुधारायचेत."

'मला जमत नाही' हे शब्द काही आले नाहीत. माझी भिशी वसूल झाली.