सी ड्राइव्हशिवाय
(जुना कोड, नवी सिस्टिम : भाग ६)

गेल्या आठवड्यात आपण पोर्टिंगमधले किरकोळ दिसणारे पण डोकं खाणारे प्रकार पाहिले. ओळ संपली हे सांगायला विंडोज दोन अक्षरं वापरतं, लिनक्स एकच. फाइलच्या नावातलं कॅपिटल-स्मॉल विंडोज मनावर घेत नाही, लिनक्स घेतं. ‘लाँग’ प्रकारचा आकडा ६४ बिट विंडोजवर ३२ बिटांचाच राहतो आणि लिनक्सवर ६४ बिटांचा होतो. वैताग येतो, पण चिकाटीने बसलं तर हे सगळं निस्तरता येतं. आजच्या प्रकरणात नुसती चिकाटी पुरली नसती.

मायक्रोसॉफ्टचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बामर यांनी २००१मध्ये लिनक्सला कर्करोग म्हटलं होतं. त्याच मायक्रोसॉफ्टने मार्च २०१६मध्ये जाहीर केलं की, आमचा एसक्यूएल सर्व्हर आता लिनक्सवरही चालेल. २ ऑक्टोबर २०१७ रोजी तो बाजारात आलाही. एवढा अवाढव्य डेटाबेस दीड-पावणेदोन वर्षांत नव्याने लिहून होत नाही, हे कुणीही सांगेल. मग झालं कसं?

उत्तरासाठी थोडं मागे जावं लागतं. या कोडचा जन्म विंडोजवर झालेला नाही. मूळ डेटाबेस कॅलिफोर्नियातल्या सायबेस या कंपनीचा, युनिक्सच्या वातावरणात वाढलेला. १९८७मध्ये मायक्रोसॉफ्टने सायबेसशी करार केला आणि १९८९मध्ये तो ओएस/२वर आला. पुढे १९९३मध्ये विंडोज एनटीवर. सायबेसने मशीनशी बोलणारा भाग बाकीच्या कोडपासून वेगळा काढलेला होता. थ्रेडसुद्धा ते स्वतःच सांभाळत, कारण त्यांना अनेक प्रकारच्या यंत्रांवर चालायचं होतं. एनटीसाठी काम करताना मायक्रोसॉफ्टच्या मंडळींनी मात्र ठरवलं की, हा मधला थर काढून टाकायचा. आपल्याला दुसरीकडे जायचंच नाही, तर थेट एनटीचेच थ्रेड वापरू, एनटीलाच मेमरी मागू. वेग मिळाला, बाजारही मिळाला. परतीची वाट मात्र बंद झाली. मला तरी हा निर्णय चुकीचा वाटत नाही. कधी न होणाऱ्या स्थलांतरासाठी रोज वेगाचा दंड भरत बसणं हा काही शहाणपणा नव्हे.

गंमत पुढे आहे. काढून टाकलेला तो थर काही वर्षांनी परत आला, आणि तोही वेगासाठीच. हजारो जण एकाच वेळी डेटाबेसला जोडलेले असतात, तेव्हा कोणता थ्रेड आधी चालवायचा हे ऑपरेटिंग सिस्टिमपेक्षा डेटाबेसला जास्त कळतं. कोण कुणाच्या लॉकवर खोळंबलंय, कोणाची डिस्कवरची पानं अजून यायची आहेत, हे त्यालाच ठाऊक. म्हणून १९९८च्या ७.० आवृत्तीत एसक्यूएल सर्व्हरने स्वतःचा शेड्युलर आणला. २००५च्या आवृत्तीत त्याचं ‘एसक्यूएल-ओएस’ झालं. थ्रेडांच्या पाळ्या, मेमरीचं वाटप, डिस्कची वाचन-लेखनं हे सगळं बघणारी, डेटाबेसच्या पोटातली एक छोटी ऑपरेटिंग सिस्टिमच ती. लिनक्सचा विचार तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हता.

पण एवढ्याने भागत नव्हतं. एसक्यूएल सर्व्हर एक्सएमएल वाचायला विंडोजची लायब्ररी वापरतो, डॉट नेट वापरतो, कॉम वापरतो. यातल्या प्रत्येकीला लिनक्सवर पर्याय शोधायचा म्हणजे प्रत्येक ठिकाणी वागणुकीत बारीक फरक पडणार. आणि डेटाबेसच्या बाबतीत बारीक फरक म्हणजे गिऱ्हाइकाचे हिशेब चुकणं.

इथे ‘ड्रॉब्रिज’ उपयोगी पडला. मायक्रोसॉफ्टच्याच संशोधन विभागाचा हा प्रकल्प, २०११मध्ये त्यावरचा शोधनिबंध आला. ऑपरेटिंग सिस्टिमचा बराचसा भाग प्रोग्रॅमसोबतच लायब्ररी म्हणून बांधून द्यायचा आणि खालच्या खऱ्या सिस्टिमशी बोलायला पन्नासेक कॉलची अरुंद खिडकी ठेवायची, अशी कल्पना. त्यांनी एक्सेल आणि पॉवरपॉइंट असे चालवून दाखवले होते. मग तर्क सोपा होता. खिडकीपलीकडे विंडोजऐवजी लिनक्स बसवलं, तर वरच्या कोडला पत्ताही लागणार नाही.

पहिला नमुना भराभर उभा राहिला, पण एकच काम दोघं करत होते. पाळ्या लावायला ड्रॉब्रिजही आणि एसक्यूएल-ओएसही. शेवटी दोन्ही एकजीव केले आणि त्याला ‘एसक्यूएल-पॅल’ नाव मिळालं. १९९३मध्ये काढून टाकलेला थर हा असा, भलत्याच वाटेने, पुन्हा जागेवर आला.

लिनक्सच्या सर्व्हरवर हे बसवून ‘ऑप्ट’मधल्या ‘एमएसएसक्यूएल’ फोल्डरात डोकावलं की प्रकार लक्षात येतो. ‘बिन’मध्ये एक रीतसर लिनक्स प्रोग्रॅम आहे. शेजारच्या ‘लिब’मध्ये ‘एसएफपी’ असं शेपूट असलेली गाठोडी आहेत आणि त्यांच्या आत चक्क विंडोजसाठी कंपाइल केलेला कोड बसलाय. सुरुवातीच्या चाचणी आवृत्त्यांत तर बॅकअप परत चढवताना पत्ता ‘सी कोलन बॅकस्लॅश व्हार बॅकस्लॅश ऑप्ट’ असा लिहावा लागे. ज्या मशीनवर सी ड्राइव्ह नावाची वस्तूच नाही, तिथे! पुढे साधे लिनक्सचे पत्ते चालू लागले.

आता खरी मेख. कॉलचं भाषांतर करता येतं. त्या कॉलमागे काय गृहीत धरलंय, ते मात्र कुठेच लिहिलेलं नसतं. डेटाबेस व्यवहार पक्का करतो म्हणजे त्याची नोंद आधी लॉगमध्ये, डिस्कवर जाते आणि मगच गिऱ्हाइकाला ‘झालं’ म्हणून सांगितलं जातं. विंडोजवर एसक्यूएल सर्व्हर फाइल उघडतानाच ‘राइट-थ्रू’ मागतो. म्हणजे लिहिलेलं थेट टिकाऊ जागी गेलं पाहिजे, वाटेत कुठे थांबता कामा नये. लिनक्सवर त्याच्या जवळचा वाटणारा पर्याय ‘ओ-डायरेक्ट’. तो कर्नलची कॅश टाळतो, पण डिस्कच्या स्वतःच्या कॅशबद्दल काहीच हमी देत नाही. आवक-जावकच्या कारकुनाने अर्जावर ‘मिळाला’ असा शिक्का मारावा आणि नोंदवहीत चढवायचा मात्र राहून जावा, तसं. एरवी काही बिघडत नाही. नेमक्या त्या क्षणी वीज गेली, तर पक्का झालेला व्यवहार गायब.

२०१८मध्ये २०१७ आवृत्तीच्या सहाव्या अपडेटमध्ये ‘फोर्स्ड फ्लश’ आलं. लिहिल्यानंतर डिस्कला स्पष्टपणे सांगायचं, कॅश रिकामी कर. हे सुरक्षित पण महाग, कारण एका नोंदीसाठी अख्खी कॅश रिकामी होते. लिनक्स कर्नलच्या ४.१८ आवृत्तीपासून एक्सएफएस फाइल सिस्टिमवर ‘फक्त एवढंच लिखाण थेट खाली ने’ असं सांगायची सोय झाली आणि भार हलका झाला. तेही खालची डिस्क ती सूचना पाळत असेल तरच. त्यामुळे आजही लिनक्सवर हा डेटाबेस बसवणाऱ्याने कर्नल, फाइल सिस्टिम आणि डिस्क ही तिन्ही तपासून सेटिंग ठरवावं. बसवलं आणि चाललं, एवढ्यावर थांबू नये.

सगळं काही आलं असंही नाही. रिपोर्टिंग सर्व्हिसेस आणि अ‍ॅनालिसिस सर्व्हिसेस विंडोजवरच राहिल्या. मोठ्या फाइली डेटाबेसशी जोडून ठेवणारं फाइलस्ट्रीम लिनक्सवर चालत नाही. एक्सपी-सीएमडीशेलही चालत नव्हतं, आणि कारण उघड आहे: ते ज्या कमांड प्रॉम्प्टला हाका मारतं, तोच तिथे नाही. जुन्या हिशेबाच्या आणि बिलिंगच्या पॅकेजांत रात्रीचा बॅकअप दुसऱ्या ड्राइव्हवर टाकायला हा आडमार्ग पुष्कळांनी वापरलेला असतो. असं पॅकेज लिनक्सवर न्यायचं मनात असेल, तर आधी स्टोअर्ड प्रोसिजरमध्ये या नावाचा शोध घ्या. सापडलं, तर ते काम डेटाबेसबाहेर काढून क्रॉनकडे द्या. टेबलं आणि क्वेऱ्या बहुतेक तशाच चालतील.

पुढच्या आठवड्यात नेमकी उलटी वाट: मधला थर न घालता कोडच बदलणारे. अ‍ॅपलने २००७मध्ये ६४ बिट कार्बन रद्द केलं. त्यामुळे ६४ बिट फोटोशॉप आधी विंडोजवर आलं आणि मॅकवाल्यांना त्यासाठी २०१०पर्यंत थांबावं लागलं.