साखरेचे परदेशी वंशज

रशियन माणूस चहात घालतो तीही ‘साखर’च. उच्चारही जवळजवळ आपलाच. बारामतीजवळच्या माळेगावच्या साखर कारखान्याच्या पाटीवरचा हा शब्द मॉस्कोच्या दुकानात म्हटला, तर दुकानदार नेमकी तीच पुडी पुढे करील.

पण म्हणून साखरेवरून रशियनसारख्या स्लाव्ह भाषांशी आपलं रक्ताचं नातं सांगू नये. ते आहे मधावरून. आदिस्लाव्ह भाषेतला एकही लेख हाती नाही; लेकी-भाषा ताडून अभ्यासकांनी तिचे शब्द उभे केले. त्यांतला ‘मेदु’ हा आपल्या ‘मधु’चा सख्खा भाऊ. खाण्याचा त्यांचा धातू ‘एद्’ म्हणजे संस्कृतातला ‘अद्’, ज्यापासून ‘अन्न’ झालं. दोन्ही जोडून रशियनमध्ये अस्वल झालं ‘मेद्वेद’, मध खाणारं. ऋग्वेदातही ‘मध्वद्’ आहे, पण तिथे ते पक्ष्यांचं विशेषण. मराठीनं ‘अद्’ सोडून ‘खाणे’ धरलं. ‘अन्न’ तेवढं उरलं.

साखर स्लाव्हांना उशिरा, बाहेरून मिळाली. ‘शर्करा’ म्हणजे मूळची वाळू, खडे. वैद्य मूतखड्याच्या बारीक कणांनाही शर्कराच म्हणत. पालीत ती ‘सक्खरा’ झाली. तो ‘ख’ मराठीनं राखला, हिंदीच्या ‘शक्कर’मध्ये तो नाही. ग्रीकांनी ‘साक्खारोन’ केलं. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी तिला बोरूतला मध म्हणतो आणि औषधापुरतीच सांगतो. ग्रीकवरून ती रशियात गेली. दुसरी वाट फारसी, अरबी, इटालियन, जर्मन अशी. तिच्या टोकाला पोलिश ‘त्सुकिएर’. सर्बियाचं ‘शेचेर’ तुर्कांकडून आलं. एकाच शेजारात तीन रूपं, तीन व्यापारी वाटांची.

आपल्या भागात मात्र शब्द जुना आणि पीक त्यामानानं नवं. बारामती-इंदापूरचा जिरायती मुलूख उसाचा झाला तो १८८५ च्या सुमारास नीरा डावा कालवा वाहू लागल्यावर. तेव्हा लागण पुंड्या उसाची. संस्कृतात तो ‘पौंड्रक’, पुंड्र देशाचा, म्हणजे आजच्या उत्तर बंगालचा. गुऱ्हाळं चालत, गूळ बारामतीच्या पेठेत उतरे. १९३२ मध्ये सरकारनं आयात साखरेविरुद्ध संरक्षण दिलं, त्याच दशकात वालचंदनगरचा कारखाना उभा राहिला. पुढे सहकारी कारखाने आले, माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर. आता पुंड्या गेला. पाडेगावच्या संशोधन केंद्रानं को ८६०३२ या वाणाला ‘नीरा’ असं देखणं नाव दिलं, पण बांधावर ते कोणी घेत नाही. तिथे तो ‘शहाऐंशी शून्य बत्तीस’. खोडवा, निडवा, आडसाली हे पिकाचे प्रकार सांगणारे शब्द मात्र पक्के रुजलेत. शेतकऱ्याला नाव रोज वापरायचं असतं, मिरवायचं नसतं.

गुळाचं नशीब निराळं. ‘गुड’ म्हणजे गोळा. ढेपेला शोभणारं नाव, पण साखरेइतकं फिरलं नाही. इंग्रजीत गुळाला ‘जॅगरी’ म्हणतात. हा शब्द पोर्तुगीजांनी मलबारात उचलला, तिथल्या ‘चक्कर’वरून, आणि ‘चक्कर’ म्हणजे पुन्हा शर्कराच. बारामतीची ढेप परदेशी निघाली की पेटीवर तिचं नाव लागतं ते साखरेचं.