पीएलसीवाला, रोबोटवाला आणि मधला सिग्नल

वेल्डिंग सेल थांबला की शॉपफ्लोअरवर पहिली आरोळी ठरलेली: "रोबोट अडकला!" पुढचा संवादही पाठ असतो. पीएलसीवाला म्हणतो, माझ्याकडून सिग्नल गेला. रोबोटवाला म्हणतो, मला मिळालाच नाही. गंमत म्हणजे कधीकधी दोघंही खरं बोलत असतात. पीएलसीने, म्हणजे सेलचा क्रम चालवणाऱ्या प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलरने, 'जॉब तयार' हा सिग्नल क्षणभर दिला आणि काढून घेतला. रोबोट तेव्हा टॉर्च साफ करायला गेला होता. परत येऊन पाहतो तर सिग्नल नाही, मग तो उभाच. रोबोटची पोच येईपर्यंत सिग्नल धरून ठेवला की दुखणं संपतं. पण ती ओळ लिहायची कोणी? ती दोघांच्या हद्दीच्या मधोमध पडते. दोन्ही कामं एकाच इंजिनिअरकडे देण्याचा विचार बळावतो तो इथून.

'ऑटोमेशन आणि रोबोटिक्स एकच तर आहे,' असं मात्र नाही. दोघांचं पहिलं मोठं गिऱ्हाईक जनरल मोटर्स, पण वंश वेगळे. युनिमेट हा रोबोट 1961 साली न्यू जर्सीतल्या कारखान्यात रुजू झाला, डायकास्टिंगचे तापलेले भाग उचलायला. पीएलसीचा जन्म 1968 नंतरचा, रिलेंनी भरलेल्या पॅनेलांचं दर नव्या मॉडेलला पुन्हा वायरिंग करण्याच्या वैतागातून. रोबोटला हात कुठून कसा न्यायचा ते कळतं. कन्व्हेअर, क्लॅम्प, दार आणि रोबोट यांचा क्रम पीएलसी राखतो. भाषाही निराळ्या. पीएलसीसाठी निदान आयईसी 61131-3 हे सामाईक मानक आहे. रोबोटच्या बाबतीत एबीबीची रॅपिड वेगळी आणि कूकाची केआरएल वेगळी.

त्यामुळे 'भूमिका एक केली की एक पगार वाचला' हा हिशेब मला कच्चा वाटतो. दोन्ही बाजू जाणणारा माणूस तयार व्हायला वेळ लागतो, आणि तो एकटाच असेल तर त्याच्या सुट्टीच्या दिवशी सेलही सुट्टीवर जातो. त्याने आखणी आणि जोडणी पाहावी, रात्रपाळीची बिघाड-दुरुस्ती मेंटेनन्सकडेच राहावी.

'रोबोट आला की उत्पादन वाढतं' हाही असाच भाबडेपणा. समजा, वेल्डिंग 40 सेकंदांत उरकतं, पण एकाच फिक्श्चरवर जॉब चढवायला-उतरवायला 55 सेकंद लागतात. म्हणजे एका जॉबला 95 सेकंद. यापेक्षा महागडा, चपळ रोबोट आणून वेल्डिंग 35 वर आणलं, तरी एकूण 90. त्याऐवजी फिरत्या टेबलावर दुसरं फिक्श्चर बसवलं, तर वेल्डिंग चालू असतानाच पुढचा जॉब चढतो आणि सायकल टाइम 55 अधिक टेबल फिरायचे काही सेकंद, इतका खाली येतो. ही युक्ती ना पीएलसीच्या लॅडर प्रोग्रॅममध्ये सापडते, ना रोबोटच्या टीच पेंडंटवर. स्टॉपवॉच घेऊन उभ्या राहणाऱ्या इंडस्ट्रियल इंजिनिअरला ती दिसते.

राहिला कोबॉट, म्हणजे माणसाच्या शेजारी काम करणारा रोबोट. 'त्याला कुंपण लागत नाही' असं विक्रेते सर्रास सांगतात. 2016 च्या आयएसओ/टीएस 15066 मध्ये माणसाच्या शरीराच्या कुठल्या भागावर किती बल आणि दाब चालेल याच्या मर्यादा दिल्या आहेत, पण जोखीम तपासायची ती अख्ख्या कामाची. नुसत्या रोबोटच्या हाताची नव्हे. अंगाला लागताच थांबणाऱ्या त्या हातात कापलेला, धारदार पत्रा असेल, तर कुंपण किंवा दुसरं संरक्षण लागतंच.