कृत्रिम रक्तालाही दाता हवाच!

नागपूर : राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ आणि ५३ नागपुरात एकमेकांना छेदतात. येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालयात, म्हणजेच 'मेडिकल'मध्ये, विदर्भासह शेजारच्या मध्य प्रदेश व छत्तीसगडमधूनही गंभीर जखमींना आणले जाते. गडचिरोलीहून येणाऱ्या रुग्णवाहिकेला तर पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास अंतर कापावे लागते. वाटेत जखमीला मिळते ते सहसा सलाइन. त्याने रक्तदाब काही काळ सावरतो. मात्र प्राणवायू वाहून नेण्याचे काम सलाइन करू शकत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठीच कृत्रिम रक्ताचा शोध सुरू आहे.

रुग्णवाहिकेत रक्तच का नाही?

तांबड्या रक्तपेशी २ ते ६ अंश सेल्सिअस तापमानात जास्तीत जास्त ४२ दिवस टिकतात. शिवाय रक्तगट जुळवावा लागतो. १९५२ मध्ये डॉ. य. मो. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधलेल्या 'बॉम्बे' रक्तगटाच्या व्यक्तीला तर 'ओ' गटाचे रक्तही चालत नाही. रक्तगटाची खूण पेशीच्या आवरणावर असते. त्यामुळे आवरण दूर करून केवळ हिमोग्लोबिन दिले, तर गटाचा प्रश्नच उरणार नाही, अशी ही कल्पना.

प्रत्यक्षात ती महागात पडली. पेशीबाहेरचे हिमोग्लोबिन विघटित होऊन मूत्रपिंडास इजा करते. रक्तवाहिन्या सैल ठेवणारे नायट्रिक ऑक्साइडही ते शोषून घेते. परिणामी वाहिन्या आकुंचन पावतात व हृदयावर ताण येतो. रेणूंची रचना बदलूनही हा दोष पूर्णपणे गेला नाही. अशा पाच उत्पादनांच्या १६ चाचण्यांतील ३,७११ रुग्णांच्या माहितीचे विश्लेषण २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात मृत्यूचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी, तर हृदयविकाराच्या झटक्याचा धोका अडीच पटींहून अधिक वाढल्याचे आढळले.

नवे आवरण

जपानमधील संशोधकांनी त्यावर उपाय म्हणून हिमोग्लोबिनला स्निग्ध पदार्थांचे सूक्ष्म आवरण दिले. १२ निरोगी स्वयंसेवकांना ते १०० मिलिलिटरपर्यंत देऊन केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. हे द्रव्य शीतपेटीविना दीर्घकाळ टिकते, असा संशोधकांचा दावा आहे. तसे झाल्यास दुर्गम भागातील रुग्णवाहिकेतही ते ठेवता येईल. मात्र मोठ्या रक्तस्रावात ते कितपत तारते, हे निरोगी माणसांवरील चाचणीतून सिद्ध होत नाही.

शिवाय हे द्रव्य केवळ प्राणवायू वाहते. रक्त गोठविणाऱ्या बिंबिका त्यात नसतात, रोगजंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीही नसतात. शरीरात ते फार काळ टिकतही नाही. म्हणजे त्याचे काम रुग्णालय गाठेपर्यंत वेळ मिळवून देण्याचे. पुढे खरे रक्त लागणारच.

आणखी एक गोष्ट महत्त्वाची. या द्रव्यातील हिमोग्लोबिन येते ते मुदत संपलेल्या, दान केलेल्या रक्तातूनच! उन्हाळ्यात महाविद्यालये बंद असतात, शिबिरे रोडावतात आणि रक्तपेढ्यांतील साठा आटतो. त्या दिवसांत प्रयोगशाळेकडे डोळे लावून बसण्यापेक्षा रक्तपेढीची पायरी चढणे, हाच आजघडीला सर्वांत खात्रीचा उपाय आहे.