होडी झाकावी, कोंडू नये

मे महिना उतरणीला लागला की कोकणात दोन कामांची घाई सुरू होते. एक घरावरचे आणि दुसरे होडीवरचे. या दोन्ही कामांना आपल्या भाषेने शब्द मात्र एकच दिला आहे : शाकारणे. घर शाकारायचे, तशी होडीही शाकारायची. ज्या माणसांनी हा शब्द दोन्हींना लावला, त्यांना एक गोष्ट नक्की ठाऊक होती. होडीलाही पावसाळ्यात घरासारखेच छप्पर लागते, आणि छपराखाली हवा खेळावी लागते.

समुद्रात लाटांशी झुंजणाऱ्या होडीला पावसाचे कसले भय, असे घाटावरच्या माणसाला वाटणे स्वाभाविक आहे. जिचा जन्मच पाण्यात जायचा, तिला चार महिने पावसात उभी केली तर काय बिघडले? बिघडते, आणि पुष्कळ बिघडते. मच्छीमाराच्या घरात होडी ही शेतकऱ्याच्या जमिनीसारखी असते. तिच्यावर कर्ज असते, तिच्या कमाईत खलाशांचा वाटा असतो, मुलांच्या शाळेची फी तिच्यातूनच निघते. पावसाळ्यात मासेमारी थांबते, कर्जाचा हप्ता थांबत नाही. अशा वेळी हंगाम उघडल्यावर होडीच्या फळीत बोट रुतावे, याहून मोठे संकट त्या घरावर दुसरे कोणते येणार!

गोड पाण्याचे वैर

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. माशांच्या प्रजननाचा हा काळ, आणि समुद्रही खवळलेला. बंदीच्या आधी उधाणाची भरती साधून होड्या जितक्या वर आणता येतील तितक्या आणायच्या, मग ओंडक्यांवरून माणसांनी ओढायच्या, हा जुना शिरस्ता. आता ठिकठिकाणी ट्रॅक्टर आणि क्रेन मदतीला येतात. मोठ्या नौका खाडीच्या आडोशाला नांगरून राहतात. लहान होड्या मात्र किनाऱ्यावर येतात आणि उघड्या आभाळाखाली उभ्या राहतात.

किनाऱ्यावर आल्याचा एक फायदा तत्काळ होतो. समुद्रात लाकूड पोखरणारा एक किडा असतो. दिसायला अळीसारखा, पण जातीने शिंपल्यांचा भाऊबंद. बाहेरून सुईच्या टोकाएवढे छिद्र दिसते आणि आत फळीची चाळण झालेली असते. कोलंबसाच्या चौथ्या सफरीत त्याची जहाजे या किड्याने इतकी पोखरली, की १५०३ साली उरलेली दोन जहाजे त्याला जमैकाच्या किनाऱ्यावर चढवावी लागली आणि सुटका होईपर्यंत वर्षभर तेथेच अडकून पडावे लागले. होडी पाण्याबाहेर काढून वाळवली, की हा किडा मरतो.

पण एक वैरी गेला की दुसरा येतो. तो म्हणजे पावसाचे गोड पाणी. खारे पाणी लाकडाला काही प्रमाणात राखते, कारण लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला मीठ मानवत नाही. कैरीला मीठ लावून आपण वर्षभर टिकवतो, तोच हा न्याय. अमेरिकेतील जुन्या लाकडी जहाजांच्या बरगड्यांमधल्या पोकळीत तर मुद्दाम मीठ भरीत असत. पावसाचे पाणी हे मीठ धुऊन काढते आणि फळ्यांच्या सांध्यांत, खिळ्यांच्या भोकांत, तळाच्या कोपऱ्यांत जाऊन बसते. समुद्रात वर्षभर टिकलेली फळी किनाऱ्यावर चार महिन्यांत मऊ पडू शकते, त्याचे कारण हे आहे.

शिवाय पाण्याचे वजन. होडीचा उघडा भाग दहा चौरस मीटर धरला आणि एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर तिच्यात एक हजार लिटर पाणी साचते. म्हणजे एक टन! कोकणात असा दिवस नवलाचा नाही. होडी पाण्यात असते तेव्हा बाहेरचे पाणी तिला सगळीकडून उचलून धरते. जमिनीवर तिचा सारा भार दोन-चार ओंडक्यांवर आणि टेकूंवर असतो. त्यात हा टनभर बोजा पोटात साठला, की कणा वाकतो आणि सांधे उघडतात.

झाकण्यातली चूक

मग उपाय काय? झाकणे. पण कसे झाकणे, यातच सारे आहे.

पूर्वी होडीवर बांबूचे आढे उभारीत, दोन्ही बाजूंना वासे सोडीत आणि वर माडाच्या झावळ्यांची विणलेली झापे घालीत. झापांवरून पाणी ओघळून पागोळ्यांनी होडीच्या बाहेर पडे. पुढची आणि मागची बाजू मोकळी राही, तिथून वारा आरपार जाई. झापे विणायला वेळ लागतो, माणसे लागतात. ती आता मिळत नाहीत. त्यांच्या जागी निळे प्लॅस्टिक आले. ते स्वस्त आहे, एका माणसाला अंथरता येते आणि पाणीही अडवते. त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण पुष्कळदा ते होडीच्या अंगाला लपेटून, चारही बाजूंनी घट्ट आवळून टाकले जाते, आणि घात होतो तो तिथे.

ओले कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत दोन दिवस राहिले तर काय होते, ते प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. होडीचेही तेच होते. लाकडातली ओल ऊन पडले की वाफ होऊन वर येते, प्लॅस्टिकला आतून लागते, थंड होऊन थेंबाथेंबाने पुन्हा होडीतच गळते. बाहेर पाऊस नसतानाही आत पाऊस चालू! लाकडातले पाणी त्याच्या कोरड्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आत राहिले, तर कुजवणारी बुरशी सहसा वाढत नाही. कोकणच्या पावसाळी हवेत लाकूड या सीमेच्या अगदी जवळ असते. वारा खेळता असला तर ते अलीकडे राहते; कोंडले तर पलीकडे जाते.

या चुकीची मोठी किंमत एकेकाळी ब्रिटिश नौदलाने मोजली आहे. ‘क्वीन शार्लट’ ही शंभरहून अधिक तोफांची युद्धनौका १८१० साली पाण्यात उतरली आणि प्रत्यक्ष कामगिरीवर निघण्याआधीच तिची लाकडे आतून कुजलेली आढळली. नीट न वाळवलेले लाकूड आणि आत कोंडलेली दमट हवा यांनी शत्रूच्या तोफांआधीच तिला गाठले होते. नौदलाने बुरशीचा अभ्यास असलेल्या जेम्स सॉवर्बी या निसर्गअभ्यासकाला तिची तपासणी करायला बोलावले. मोठी दुरुस्ती होऊन पुढे १८१६ मध्ये ती अल्जियर्सच्या लढाईत उतरली.

त्याच काळातले दुसरे उदाहरण आपल्या मुंबईचे आहे. वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली मुंबईच्या गोदीत मलबारी सागवानातून बांधलेली ‘त्रिंकोमाली’ १८१७ साली तरंगली. १८१९ मध्ये ती इंग्लंडला पोचली तेव्हा युद्धे संपलेली होती. नौदलाने तिला राखीव म्हणून बांधून ठेवले आणि जवळजवळ पाव शतकानंतर, १८४० च्या दशकात, सेवेत घेतले. ती आजही हार्टलपूल बंदरात तरंगते आहे. सागवानात अंगचे तेल असते, ते बुरशीला आणि किडीला सहज दाद देत नाही. पण आज नव्या होडीला तसा सागवान किती जणांना परवडतो? लाकूड हलके असेल, तर राखण अधिक चोख हवी.

काय करावे?

जाणती मंडळी जे करतात, ते थोडक्यात असे सांगता येईल. होडी वर ओढताच, बूड ओले आहे तोवर त्यावरचे शेवाळ आणि कवचे खरवडून काढावीत. वाळल्यावर ती दगडासारखी चिकटतात. होडी जमिनीला टेकू देऊ नये. खाली ओंडके, दोन्ही अंगांना टेकू, आणि नाळेकडची बाजू किंचित उंच. तळाचे बूच काढून ठेवावे, म्हणजे आत आलेले पाणी आपोआप निघून जाते. हे बूच मात्र हंगामाच्या आरंभी सापडेल अशा ठिकाणी ठेवावे!

छप्पर होडीच्या अंगापासून वीतभर तरी वर असावे आणि त्याला चांगला उतार असावा. पुढची-मागची तोंडे मोकळी राहावीत. दोर जिथे काठाला घासतो तिथे जुने कापड गुंडाळावे. इंजिन बंद करून ठेवण्याआधी गोड्या पाण्याने धुवावे आणि तेल बदलावे, कारण जुन्या तेलातले आम्ल आतले लोखंड खाते. डिझेलची टाकी भरून ठेवावी. रिकाम्या टाकीत दमट हवा शिरते आणि तिचे पाणी होते. पेट्रोलवर चालणाऱ्या लहान इंजिनाचे उलटे असते. त्याच्या कार्बोरेटरमध्ये पेट्रोल राहिले तर त्याचा चिकट थर बसतो, म्हणून ते संपेपर्यंत चालवूनच बंद करावे. बॅटरी काढून घरात कोरड्या जागी न्यावी आणि महिन्याला एकदा चार्ज करावी.

फायबरची होडी कुजत नाही, असा एक समज आहे. फायबर कुजत नाही हे खरे. पण त्याच्या पोटात बळकटीसाठी घातलेले प्लायवूड आणि लाकूड कुजते. एखाद्या सैल स्क्रूच्या भोकातून पाणी आत जाते आणि वरून चकचकीत दिसणारी होडी आतून पोकळ होते. उन्हाने फायबरचा वरचा थर पिठूळ पडतो, म्हणून पाऊस संपल्यावरही तिला सावली हवीच.

राहिला वारा. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा बंदी लागून जेमतेम दोन दिवस झाले होते. पुढच्या वर्षी, मे २०२१ च्या मध्यावर, ‘तौक्ते’ कोकण किनाऱ्याजवळून उत्तरेकडे गेले. तेव्हा तर हंगाम संपायला पंधरवडा उरला होता. होडी शाकारण्याचा मुहूर्त आता पंचांगापेक्षा हवामान खात्याच्या इशाऱ्यांवर ठेवावा लागतो. छप्पर छपराच्या जागी बांधावे आणि होडी वेगळ्या दोरांनी माडाच्या बुंध्याला किंवा जमिनीत पुरलेल्या नांगराला बांधावी. छप्पर उडाले तर होडी त्याच्याबरोबर जाता कामा नये.

धरणाकाठची होडी

अलीकडे पुण्या-नाशिकच्या आसपास, धरणांच्या पाण्याकाठी ज्यांची घरे आहेत, त्यांच्यापैकी काहींकडे चाकांच्या ट्रेलरवर ठेवलेली छोटी होडीही असते. हौसेची वस्तू असली तरी नियम तेच. किंबहुना तिथे खाऱ्या पाण्याचे संरक्षण मुळीच नसल्याने काळजी दुप्पट.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी. मे महिन्यात धरणाचे पाणी खूप आत गेलेले असते. तेव्हाच्या काठाजवळ ठेवलेली होडी ऑगस्टमध्ये धरण भरल्यावर पाण्याखाली गेलेली असेल! गावातल्या माणसाला विचारून, पूर्ण भरलेल्या पाण्याच्या खुणेच्या वर जागा पाहावी.

ट्रेलरची चाके तीन-चार महिने एकाच जागी भार सोसत राहिली तर टायर चपटे होतात. म्हणून आसाखाली ठोकळे देऊन चाके अधर करावीत आणि उन्हापासून झाकावीत. होडी उतरवताना चाकांचे बेअरिंग पाण्यात बुडते. प्रवासाने तापलेले बेअरिंग एकदम थंड पाण्यात गेले की आत पाणी ओढून घेते. म्हणून आधी गार होऊ द्यावे आणि पावसाळ्यापूर्वी ग्रीस बदलावे. छपराच्या खळग्यात साचलेले पाणी आठवड्यातून एकदा तरी ओतून द्यावे, नाहीतर होडी राहील बाजूला आणि डेंग्यूचे डास मात्र घरी येतील.

फेरी कोण मारणार?

यातले कोणतेच काम फार खर्चाचे नाही. बांबू, दोर, ताडपत्री, चार ओंडके आणि एक दिवसाची मेहनत. खर्च आहे तो लक्ष देण्याचा. पहिल्या जोरदार पावसानंतर दुसऱ्या दिवशी होडीखाली वाकून पाहणारे, बुचाच्या भोकात पालापाचोळा अडकला असेल तर काडीने काढणारे, उघडीप मिळाली की ताडपत्रीची एक बाजू वर करून वारा देणारे कोणीतरी लागते. पूर्वी हे काम घरातली म्हातारी माणसे येता-जाता करीत. आता तरुण मुंबईला, म्हातारे घरात, आणि होडी किनाऱ्यावर एकटी, असे चित्र पुष्कळ गावांत दिसते.

२०२३ साली श्रावण अधिक आला, त्यामुळे बंदी ३१ जुलैला उठली तरी नारळी पौर्णिमा ३० ऑगस्टला आली. कायद्याची तारीख आणि समुद्राला नारळ देण्याचा दिवस यांत असे अंतर पडते, तेव्हा होडी कधी लोटायची हे ज्याचे त्याने ठरवायचे असते. पण शाकारणी उतरवल्यावर पहिली परीक्षा नाकाची असते. उबट, आंबूस वास आला, तर फळीन् फळी ठोकून पाहिल्याशिवाय तिला पाण्याला लावू नये. सुक्या लाकडाचा आणि तेलाचा वास आला, की समजावे, पावसाळाभर कोणीतरी तिच्याकडे फेरी मारीत होते.